मापवह्यांचा गुरुवार

मास्तरांच्या दुकानात येणारी सगळी माणसं सडपातळ होती. निदान कानांवर विश्वास ठेवायचा तर होती. आरशापुढे उभ्या असलेल्या चांगल्या धिप्पाड गृहस्थाच्या पोटाभोवती मास्तर टेप फिरवायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "कंबर एकतीस!" बाकावर बसलेली माणसं ते ऐकायची आणि ते गृहस्थ ताठ मानेने बाहेर पडायचे. कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर मापवही घेऊन बसलेली मास्तरांची थोरली बहीण मात्र मनातल्या मनात अकरा मिळवून वहीत बेचाळीस लिहायची.

ही रीत त्यांच्या वडिलांनी घालून दिली होती. दुकान एवढंसं, आडोशाला एकच पडदा, आणि बाकावर नेहमी कुणी ना कुणी बसलेलं. माणसाचं माप शिंप्याला कळावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण ते बाकावरच्यांना कळायचं काय कारण? म्हणून आकडा मोठ्याने सांगायचा तो अकराने कमी करून. अकराच का, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि मुलांनी विचारलं नाही. मास्तर एरवी इतके बुजरे, की गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणतानाही त्यांचा आवाज घशात अडकायचा. पण टेप हातात आली की आकडे कसे सरळ बाहेर पडायचे. चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीने त्यांना वजाबाकी करावीच लागत नव्हती. डोळ्यांना पंचेचाळीस दिसायचे आणि तोंड चौतीस म्हणायचं.

कटिंगच्या टेबलावर, भिंतीला लागून, एक लांब फळी होती. तिच्यावर एक्कावन्न मापवह्या ओळीने उभ्या होत्या. त्यांत नुसते आकडे नव्हते. "उजवा खांदा अर्धा इंच खाली." "पाठीला बाक आलाय, बोलायचं नाही, मागून कापड जास्त सोडायचं." "शस्त्रक्रिया झाली आहे, डाव्या बाजूला आतून पॅड, शिवण दिसता कामा नये." माणसं डॉक्टरला सांगतात तशा गोष्टी, काही तर डॉक्टरलाही न सांगितलेल्या, ताईच्या बारीक अक्षरात तिथे लिहिलेल्या होत्या.

आणि येत्या गुरुवारी कंपनीची गाडी येऊन त्या सगळ्या वह्या घेऊन जाणार होती.

हे ठरवलं होतं सूनबाईने. तिला दोष द्यावा असंही नव्हतं. मास्तरांचा मुलगा परगावी नोकरीला होता, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. दुकान खऱ्या अर्थाने सांभाळत होती ती सूनच. कापडाची मागणी, गिऱ्हाइकांचे निरोप, शिलाईच्या तारखा, सगळं तिच्या डोक्यात. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून दूर राहायला गेली होती. ती मंडळी फोन करायची, "तुमच्यासारखा कोट इथे कुणी शिवत नाही हो," म्हणून हळहळायची, आणि तिथल्याच कुणाकडून तरी शिवून घ्यायची. माप घ्यायला माणूस समोर हवा ना. अशा वेळी कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. फोनने दोन फोटो काढायचे, एक समोरून, एक बाजूने. तीन सेकंदांत छत्तीस मापं हजर! माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो. दुकानाला हे वापरायला फुकट. फक्त कंपनीला जुन्या मापवह्या द्यायच्या, त्यांतून यंत्र शिकणार होतं.

"शरीरावरचे सात हजार बिंदू वाचतं आमचं यंत्र," कंपनीचा माणूस पहिल्या दिवशी म्हणाला होता. चाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा, काखेत टॅब धरलेला. "आणि सुरक्षा विचाराल तर क्वांटम दर्जाची. आजवर कुणाला फोडता आलेली नाही."

"म्हणजे काय असतं ते?" मास्तरांनी धीर करून विचारलं होतं.

"काका, ते समजावून सांगण्याच्या पलीकडचं आहे."

"मग बरंय," स्टुलावरून ताई म्हणाली. "मला वाटलं, आम्हालाच कळत नाही."

सूनबाईने आत्याबाईंकडे डोळे वटारून पाहिलं होतं. मास्तरांच्या मनात काहीतरी खुपत होतं, पण ते नेमकं काय हे त्यांना सांगता येईना. आणि दुसरीकडून त्यांचंच मन त्यांना टोचत होतं. आपल्याला हे आवडत नाही ते यात खोट आहे म्हणून, की आपल्या टेपची किंमत जाईल म्हणून? आयुष्यभर जे एकच काम येतं ते यंत्र तीन सेकंदांत करणार म्हटल्यावर कुठल्या म्हाताऱ्याला बरं वाटेल? अशा मत्सरापायी सुनेच्या वाटेत आडवं पडायचं का? रात्री जेवताना ते दोनदा बोलायला गेले आणि दोनदा पाणी पिऊन गप्प झाले.

"बाबा, तुम्हाला काही म्हणायचंय का?" सुनेने विचारलंही होतं.

"नाही, नाही. कोशिंबिरीत मीठ बरोबर पडलंय."

"कोशिंबीर केलीच नाहीये मी आज."

सोमवारी कंपनीच्या माणसाने चार गिऱ्हाइकांवर प्रयोग करून दाखवला. त्यांतल्या एक होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना नुसतं "बाई" म्हणायचं. त्या निळं कापड घेऊन आल्या होत्या. फोटो म्हटल्यावर त्यांनी क्षणभर मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलावरचा खडू शोधण्यात गुंतले होते, म्हणजे तसं दाखवत होते. बाई म्हणाल्या, "तुमच्या दुकानात आहे म्हणजे ठीकच असेल," आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांची माहिती सूनबाईने स्वतः टॅबवर भरली.

शेवटचे होते बेकरीवाले. सहा फुटांना दोन बोटं कमी एवढी उंची, मागून पाहिलं तर कपाट वाटावं असा देह, आणि त्या देहाबद्दल अजिबात खंत नाही. सूनबाई तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेली होती.

"फोटोआधी दोनच गोष्टी लागतात," कंपनीचा माणूस म्हणाला. "उंची इंचांत आणि नेहमीच्या पँटची कंबर. यंत्राला जरा अंदाज यावा म्हणून. बाकी सगळं ते फोटोतूनच काढतं. काका, तेवढं माप घ्या ना."

मास्तरांनी टेप लावली. तोंडाने सांगितलं, "उंची एकोणसाठ. कंबर पस्तीस."

बेकरीवाल्यांनी मिशीतल्या मिशीत हसून छाती फुगवली. गेली वीस वर्षं ते इथे येऊन पस्तीस ऐकत होते आणि दरवेळी त्यांना तेवढंच बरं वाटायचं. कंपनीच्या माणसाने ऐकलं तसं टॅबवर टिपलं. त्याच्या डोळ्यांसमोर टॅब होता, माणूस त्याच्या मागे कुठेतरी होता. दोन फोटो झाले, टिंग वाजलं आणि छत्तीस मापांचा कागद छापून आला.

"बघा! तीन सेकंद," तो म्हणाला. "करारावर सही गुरुवारी, गाडी घेऊन येतो तेव्हाच करू."

बुधवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मास्तरांनी बेकरीवाल्यांच्या कोटाचं कापड टेबलावर पसरलं. सूनबाईने बजावलं होतं, "हा कोट यंत्राच्या मापावर कापायचा, बाबा. प्रामाणिकपणे. तुमचं माप मध्ये घालायचं नाही." मास्तरांनी चष्मा पुसला, कागद हातात घेतला, आणि बाहीच्या आकड्यापाशी त्यांचा खडू थबकला.

"ताई, बाही किती असेल गं बेकरीवाल्यांची?"

"सव्वापंचवीस," ताई वही न उघडता म्हणाली.

"इथे वीस लिहिलंय."

"आण बघू." ताईने कागद नाकाजवळ धरला. "छाती सदतीस. खांदा पंधरा. अगं बाई! हा कोट बेकरीवाल्यांचा की त्यांच्या धाकट्या नातवाचा? बाही कोपरापाशीच संपेल." ती खुदुखुदु हसायला लागली. "बरंय हो, यंत्रालाही आपल्या दुकानाची रीत कळली. तेही कमी करून सांगायला लागलं!"

मास्तर हसले नाहीत. कमी करून. त्यांच्या डोळ्यांपुढे सोमवार उभा राहिला. टेप, बेकरीवाल्यांची मिशी, आणि स्वतःचा खणखणीत आवाज. एकोणसाठ. पस्तीस. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"ताई, मीच चुकलो. त्या माणसाला मी आपले आकडे सांगितले. अकरा वजा करून. त्याने तेच टाकले."

"घ्या! म्हणजे बिचाऱ्या यंत्राचा काहीच दोष नाही." ताई डोळे पुसत म्हणाली.

"हो ना," असं म्हणून मास्तरांनी कागद खाली ठेवला. सुनेला काय सांगायचं, पुन्हा फोटोसाठी बेकरीवाल्यांना कसं बोलवायचं, याचाच विचार ते करू लागले. आपल्या वेंधळेपणाने पोरीच्या प्रयोगाची माती केली. त्यांनी कापडाची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

"काय झालं रे?"

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, जणू काही चुकीचं बोललो तर लगेच मागे घेता यावं, "मी चुकलो ते चुकलोच. पण यंत्रापुढे फोटो होता ना? सात हजार बिंदू वाचतं म्हणाला. मग एवढा मोठा माणूस समोर दिसत असताना ते वीस इंचांची बाही कशी काय लिहितं? मी तुला आंधळेपणाने भलताच आकडा सांगितला, तर तू नाही का म्हणायचीस, 'अरे, माणसाकडे बघ जरा'?"

ताईचं हसू थांबलं. तिने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. "सूनबाई!" तिने आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "ये बाई जरा. तुझ्या सासऱ्याला काहीतरी सुचलंय, आणि लवकर आली नाहीस तर तो ते स्वतःच खोडून टाकेल."

सूनबाई हात पुसत आली. मास्तरांनी अडखळत, दोनदा माफी मागत, सगळं सांगितलं. ती आधी वैतागली, मग कागद पाहून तिच्या कपाळावर आठी उमटली. ती वादात वेळ घालवणारी नव्हती. तिने टॅब काढला. कंपनीच्या माणसाने प्रयोगासाठी तो दुकानातच ठेवला होता.

"बाबा, पुतळा आणा."

कोपऱ्यातला कापडी पुतळा, ज्याला ना हात ना डोकं, भिंतीशी उभा केला. सूनबाईने बेकरीवाल्यांचे खरे आकडे भरले, उंची सत्तर, कंबर सेहेचाळीस. आणि फोटो काढला पुतळ्याचा. टिंग. छाती अठ्ठेचाळीस. बाही पंचवीस.

"याला हातच नाहीत," मास्तर म्हणाले.

"आता तेच आकडे आणि इस्त्रीचं टेबल," सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता धार आली होती. टिंग. छाती अठ्ठेचाळीस. बाही पंचवीस. मग ताईने हट्ट धरला म्हणून तेच आकडे देऊन ताईचा फोटो काढला. ती पदर नीट करून, हनुवटी वर करून उभी राहिली. टिंग. छाती अठ्ठेचाळीस.

"शोभतं का हे बोलणं एका बाईमाणसाला!" ताई टॅबला म्हणाली.

तिघंही हसली. सूनबाई तर स्टुलाला धरून हसली. मग एकदम तिचं हसू ओसरलं.

"म्हणजे ते फोटोकडे बघतच नाही. उंची आणि कंबर घेतं, कुठल्या तरी तक्त्यातून बाकीचे आकडे काढतं. असा तक्ता तर आपल्याकडे भिंतीवर लटकलाय."

"तेच मला..." मास्तर थांबले. गेले पंधरा दिवस जे खुपत होतं त्याचं टोक आता हाताला लागलं होतं. "पोरी, फोटो बघायचाच नाही, तर मग घेतात कशाला?"

ताईने पदर खांद्यावर ओढून घेतला.

सूनबाईने फोन काढला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान पाहायला कंपनीने एकेक दुवा पाठवला होता. "बेकरीवाल्यांच्या दुव्याच्या शेवटी आहे चार हजार एकशे वीस," ती वाचत म्हणाली. "बाईंच्या शेवटी एकशे सतरा. आपली चौघं ओळीने आहेत. मग एकशे एकवीस कोण?"

तिने शेवटचा आकडा बदलला. पासवर्ड नाही, विचारणा नाही, काही नाही. पान उघडलं. कुठल्या तरी दुसऱ्या दुकानात, आरशासमोर, अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत एक अनोळखी तरुणी अवघडून उभी होती. खाली तिचं नाव, फोन नंबर. आरशात त्या दुकानाची उलटी पाटी.

सूनबाईने फोन उपडा ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

"आणखी एखादा बघतेस का, खात्री करायला?" ताईने विचारलं.

"नको, आत्याबाई. हा एक पाहिला तोच जास्त झाला." तिने फोन आणखी दूर सारला. "क्वांटम म्हणे! साधी कडीसुद्धा नाही हो दाराला. आणि मी वह्या द्यायला निघाले होते." तिने फळीकडे पाहिलं. "त्यांना यंत्राला शिकवायला नको होत्या त्या. यंत्राला शिकायचंच नव्हतं काही. त्यांना नावांसकट माणसं हवी होती."

"कशासाठी?"

"ते मला माहीत नाही, बाबा. विकायला, जाहिरातींना, कशालाही. माहीत नाही हेच वाईट आहे."

मास्तरांना वाटलं, आता आपण काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलावं. पण त्यांना एवढंच सुचलं, "चहा करू का मी?"

"करा," सूनबाई म्हणाली. "आणि बाबा, पुढच्या वेळी पंधरा दिवस कोशिंबिरीबद्दल बोलू नका. मनात आलं की सांगा. चुकीचं असलं तरी."

"नक्कीच चुकीचं असलं तर?"

"तर मी भांडेन. मला भांडायला आवडतं."

गुरुवारी सकाळी गाडी आली. कंपनीचा माणूस हसतमुखाने आत शिरला, हातात कराराचे कागद. सूनबाईने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग इस्त्रीच्या टेबलाचा फोटो काढून त्याची छाती किती भरते ते दाखवलं. मग हात नसलेल्या पुतळ्याची बाही दाखवली.

"ही... ही सुरुवातीची आवृत्ती आहे," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत..."

"पुढच्या आवृत्तीत टेबलाला पँट पण शिवाल," ताई म्हणाली.

मग सूनबाईने त्याला दुव्याचा आकडा बदलायला सांगितला. "मी नाही बदलणार. तुम्ही तुमच्या हाताने बदला. तुमचं स्वतःचं माप घेतलं होतं ना कंपनीने? तोच आकडा टाका."

त्याने टाकला. पान उघडलं तसं त्याच्या चेहऱ्यावरचं तेज झर्रकन उतरलं. तो कितीतरी वेळ स्वतःच्याच फोटोकडे पाहत राहिला. पोट आत ओढून काढलेला फोटो होता तो.

"मला खरंच हे माहीत नव्हतं हो," तो अखेर म्हणाला. "मला सांगितलं तेच मी सांगत होतो."

मास्तरांना त्याची दया आली. सूनबाईलाही आली असावी, पण तिने ती कामाच्या आड येऊ दिली नाही. तिने त्याला तिथूनच त्याच्या वरिष्ठांना फोन लावायला लावला. आधी कुणी उचलेना, मग कुणी मोठमोठे शब्द वापरले, मग सूनबाईने स्वतः फोन घेतला आणि अगदी साध्या शब्दांत विचारलं, "चौघांचे फोटो आत्ता काढून टाकता, की हे सगळं मी लेखी तक्रारीत घालू?" तासाभराने चारही पानं उघडेनाशी झाली.

"आणखी कुठे ठेवले असतील तर?" तिने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," कंपनीचा माणूस म्हणाला. एवढ्या दिवसांत त्याचं मास्तरांना पूर्णपणे पटलेलं हे पहिलंच वाक्य.

गाडी रिकामी गेली. तक्रार सूनबाईने तरीही पाठवलीच. पाटीवरचं उलटं नाव सुलटं वाचून तिने त्या दुसऱ्या दुकानाचा नंबर शोधला आणि तिथल्या शिंपिणीला सगळं समजावून सांगितलं. दूरच्या गिऱ्हाइकांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि सूनबाई दुपारभर दूर गेलेल्या गिऱ्हाइकांची यादी चाळत होती. मास्तरांनी तीनदा खडू खाली ठेवला, तीनदा उचलला. मग आठवलं, की मनात आलं की सांगायचं असं ठरलंय.

"सूनबाई, तिकडे त्यांच्या घरात कुणी तरी असेलच ना टेप धरायला? बायको, भाऊ. आपण साध्या फोनवर त्यांना सांगायचं, टेप कुठे धरा, किती सैल धरा. मी सांगत जाईन. म्हणजे... जमलं तर."

"फोनवर? तुम्ही? अनोळखी माणसांशी?"

"मापाबद्दल बोलता येतं मला," मास्तर पुटपुटले.

पहिला फोन त्याच संध्याकाळी झाला. पलीकडे नवऱ्याच्या पोटाभोवती टेप धरून बायको उभी होती आणि दोघांचं भांडण इकडे स्पष्ट ऐकू येत होतं. "श्वास सोडा म्हणतायत ना मास्तर, सोडा मग!" "सोडलाय!" "हा सोडलेला श्वास आहे?" मास्तरांनी मोठ्या धीराने सांगितलं, "वहिनी, टेपमध्ये एक बोट आत राहू द्या. आता त्यांना काहीतरी विचारा. बोलताना माणूस पोट विसरतो." युक्ती लागू पडली. कोट, पँट, दोन शर्ट, एवढं काम आलं. सूनबाईने ताईकडे पाहून मान डोलावली. ताईने खूश झाल्याचं दाखवलं नाही, पण तिची वही नेहमीपेक्षा जरा जोरात मिटली गेली.

एक काम मात्र उरलं होतं. चौघांना सांगायचं. तिघांना सूनबाईने सांगून टाकलं. बेकरीवाले तर हसून लोटपोट झाले आणि म्हणाले, तो वीस इंचांच्या बाहीचा कागद मला द्या, मी दुकानात फ्रेम करून लावतो. बाईंकडे मात्र आपणच जायला हवं, असं मास्तरांना वाटलं. शस्त्रक्रियेची आणि आतल्या पॅडची ती ओळ मापवहीत बाईंच्याच पानावर होती, आणि त्या दिवशी फोटोआधी बाईंनी पाहिलं होतं ते त्यांच्याकडे.

शुक्रवारी सकाळी ते गेले. बाई व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मास्तर वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पायरी चढताना विसरून गेले. मग त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. यंत्र, टेबल, आकडा बदलला की उघडणारं पान. बाईंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाचं ते ऐकणं होतं, समोरच्याला घाम फोडणारं.

"फोटोत काय दिसत होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही. करड्या पोशाखात. सरळ उभ्या."

"आणि वही?"

"वही फळीवरून हललेली नाही. गाडी रिकामी गेली."

"त्यातलं माझं पान कुणी वाचलंय?"

"मी आणि ताईने. सुनेनेही नाही. तिला काम पडलं की ताई मापं तोंडी सांगते, खालची ओळ सांगत नाही."

बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली, कडा नीट जुळवल्या. "त्या दिवशी मला नको वाटत होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या दुकानात नाही कसं म्हणायचं, म्हणून उभी राहिले."

"मलाही नको वाटत होतं," मास्तर म्हणाले. "पण मी खडू शोधत बसलो."

बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "दोघंही सारखेच निघालो मग. पुढच्या वेळी कुणीतरी एकाने बोलायचं."

"हो."

"आता उठू नका, कॉफी घेऊन जा. पण आधी सांगा, माझं निळं कापड कुठवर आलं? यंत्राच्या मापाने कापून तर नाही ना टाकलंत?"

"नाही, नाही. अजून कात्री लावलेली नाही."

"मग कॉफी झाली की तुमच्याबरोबरच येते. टेप घेऊन नीट माप घ्या माझं, नव्याने," असं म्हणून बाई कॉफी करायला आत गेल्या. मास्तर व्हरांड्यात एकटेच बसून राहिले, आणि बऱ्याच दिवसांनी खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसले.